हॅन्स अँडरसनच्या पहिल्या चार गोष्टी

थोर ग्रंथकारांचीं चरित्रें वाचतांना त्यांच्या कीर्तीचीं वर्षें आपणांपुढें ठळकपणें उभीं राहतात; परंतु ज्या वर्षीं त्यांचें पहिलें लहानसें पुस्तक बाहेर पडलें आणि तें लोकांस रुचेल कीं नाहीं हें त्यांचें त्यांसही ठाऊक नव्हतें, त्या वर्षाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. आमच्या मतें विद्यार्थ्यांनीं शिकण्याजोगें पुष्कळसें त्याच वर्षांत असतें. म्हणून डेन्मार्क देशाचा जगप्रसिद्ध बालकथाकार हॅन्स ख्रिश्चन अँडरसन ह्याच्या आयुष्यांतील १८३५ ह्या सालाची हकीकत आम्ही येथें सादर करीत आहों.

अँडरसनचा जन्म ता. २ एप्रिल १८०५ रोजीं ओडेन्स ह्या गांवीं झाला. बाप जोडे शिवून कसेंबसें पोट भरी; परंतु त्याला वाचनाची गोडी होती, आणि तो मुलास अरबी भाषेंतील सुरस गोष्टी वाचून दाखवीत असे. आई लोकांचे कपडे धुण्यासाठीं नदीवर जाई. आजी गांवांतील इस्पितळाच्या बागेंत काम करी. तेथें सूत कांतीत बसलेल्या म्हाताऱ्या बायका राजाराण्यांच्या व भुताखेतांच्या गोष्टी सांगत, आणि हा मुलगा त्या तल्लीन होऊन ऐके. १८१६ सालीं बाप वारला. पुढें १८१९ मध्यें हॅन्सचें दृढीकरण झालें, तेव्हां बापाच्याच जुन्या कोटाचें कापड घेऊन त्याला कोट शिवला होता. बूट मात्र नवे होते. प्रार्थनामंदिरांत ते करकर वाजूं लागतांच त्याला मोठा आनंद झाला. पण आपलें चित्त देवाकडे नसून बुटांकडे आहे हें ध्यानांत येऊन तो मनांतल्या मनांत फार शरमला.

त्याच वर्षीं सप्टेंबर महिन्यांत चौदा वर्षांचा हा मुलगा एकटाच राजधानीस, म्हणजे कोपनहेगन शहरीं, गेला. नाटकगृहांत गाऊन किंवा नाचून नांव मिळवावें ही त्याची इच्छा होती. ती सफळ झाली नाहीं. वयाप्रमाणें आवाजही फुटला. तेव्हां नाटकगृहाचे एक संचालक योनास कोलिन ह्यांनीं त्याची कींव करून राजाच्या मदतीनें त्याच्या शिक्षणाची सोय केली. १८२२ सालीं सतरा वर्षांचा हा उंच, किडकिडीत विद्यार्थी स्लागेल्से येथील शाळेंत आपल्याहून कितीतरी लहान मुलांच्या बांकावर जाऊन बसला. तेथील हेडमास्तर मायस्लिंग हे विद्वान होते. परंतु ते त्याची वारंवार थट्टा करीत, आणि कविता लिहिण्याची तर त्याला बंदीच होती. तीं वर्षें अँडरसनला जन्मभर दुःस्वप्नासारखीं आठवत राहिलीं. तरी त्यानें अभ्यास सोडला नाहीं. १८२७ सालीं कोलिनसाहेबांनीं त्याला मायस्लिंग ह्यांच्या शाळेंतून काढून खासगी शिक्षकाकडे दिलें, आणि पुढील वर्षीं तो विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाला.

ह्यानंतर त्यानें कविता, नाटकें व प्रवासवर्णन लिहिलें. थोडें नांवही झालें. पण टीकाकार त्याच्या व्याकरणाच्या व शुद्धलेखनाच्या चुका काढण्यास टपलेले असत. राजाकडून प्रवासासाठीं पैसे मिळाल्यावर तो १८३३ सालीं इटलीकडे गेला. तो रोम शहरीं असतांनाच आई वारल्याची वार्ता त्याला समजली. १८३४ सालीं तो परत आला, तेव्हां त्याच्यापाशीं एका अर्धवट कादंबरीवांचून दुसरें धन नव्हतें.

१८३५ सालच्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस त्यानें एका स्नेहिणीस पत्र लिहिलें. आपण मुलांसाठीं कांहीं गोष्टी लिहावयास घेतल्या असून येणाऱ्या पिढ्यांस आपलेंसें करून घेण्याचा यत्न करणार आहों, असा त्या पत्राचा आशय होता. तो ज्या घरीं जाई तेथील मुलांस गोष्टी सांगे. आतां त्याच गोष्टी, जशा तोंडानें सांगाव्या तशाच, कागदावर उतराव्या असें त्यानें ठरविलें.

एप्रिल महिन्यांत 'शीघ्रकवि' ह्या अर्थाच्या नांवाची त्याची कादंबरी प्रसिद्ध झाली. तिची चोहोंकडे वाहवा झाली, व त्याच वर्षीं तिचें जर्मन भाषांतरही निघालें. त्यानंतर ता. ८ मे रोजीं राइट्झेल ह्या प्रकाशकानें मुलांच्या गोष्टींची एक ६१ पानांची पुस्तिका काढली. तींत चारच गोष्टी होत्या. एक चकमकीच्या पेटीची, दुसरी धाकट्या व थोरल्या क्लाउसची, तिसरी वीस गाद्यांखालींही वाटाणा टोंचणाऱ्या राजकन्येची. ह्या तिन्ही त्यानें लहानपणीं ऐकलेल्या कथांवरून रचिल्या होत्या. चौथी मात्र त्याची स्वतःची. लोककथांचा संग्रह करणाऱ्या थीले नांवाच्या एका परिचित गृहस्थाची लहान मुलगी इडा हिला त्यानें फुलांविषयीं सांगितलेल्या कल्पनांतून ती निघाली. कोमेजलेलीं फुलें आजारी नसून रात्रभर नाचून थकलीं आहेत, अशी ती गोड कल्पना आहे.

आज ह्या गोष्टी वाचतांना त्यांत नवें काय होतें हें आपणांस चटकन् समजत नाहीं. त्या काळीं पुस्तकाची भाषा एक व घरांतील भाषा दुसरी, असा दंडक होता. आणि मुलांसाठीं लिहावयाचें तर शेवटीं तात्पर्य हवेंच. अँडरसननें हे दोन्ही नियम मोडले. त्याचीं वाक्यें तुटक, जिवंत, बोलल्यासारखीं होतीं. उपदेश असला तर तो गोष्टीच्या पोटांत होता, शेपटीस बांधलेला नव्हता.

टीकाकारांस हें मानवलें नाहीं. १८३६ सालीं आलेल्या अभिप्रायांत ह्या बोलभाषेस नांवें ठेविलीं होतीं. मुलांचें ह्या गोष्टींपासून हित न होतां अहितच होईल, असें सुचविलें होतें. आणि लेखकानें असल्या गोष्टींत वेळ दवडूं नये, असा सल्लाही एकानें दिला होता. हे लोक दुष्ट नव्हते. ते आपल्या काळच्या मापानें मोजीत होते, इतकेंच. परंतु कादंबरीनें नुकतीच कीर्ति मिळवून दिलेल्या तरुण लेखकास हा सल्ला मानणें किती सोपें होतें, ह्याचा वाचकांनीं विचार करावा. शिवाय ह्या गोष्टींचें मोल अँडरसनला तरी पुरतें कोठें कळलें होतें? विजेच्या प्रवाहाजवळ होकायंत्राची सुई हलते हा शोध १८२० सालीं लावणारे ऑर्स्टेड, ज्यांचें नांव आमचे वरच्या वर्गांतील विद्यार्थी पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत वाचतात, ते त्याचे हितचिंतक होते. कादंबरीनें तूं प्रसिद्ध होशील, पण गोष्टींनीं अमर होशील, असें भाकीत त्यांनीं आरंभींच केलें होतें. तें अँडरसनला मुळींच पटलें नव्हतें.

तरीसुद्धां तो थांबला नाहीं. १८३५ च्या डिसेंबरांत आणखी तीन गोष्टींची दुसरी पुस्तिका निघालीच होती. अंगठ्याएवढ्या मुलीची गोष्ट तींतलीच. प्रतिकूल अभिप्राय वाचल्यानंतर त्यानें दुसऱ्या कादंबऱ्याही लिहिल्या. पण १८३७ सालीं तिसरी पुस्तिका आली, आणि तींत जलकन्येची व राजाच्या नव्या पोषाखाची अशा दोन अजरामर कथा होत्या. त्याच वर्षीं त्यानें टीकाकारांचें ऐकलें असतें, तर ह्या दोन्ही कथांस जग मुकलें असतें. कुरूप बदकाच्या पिल्लाची गोष्ट त्यापुढें सहा वर्षांनीं, १८४३ सालीं, आली.

पुढें त्यानें एकूण दीडशेंहून अधिक गोष्टी लिहिल्या, आणि शंभराहून अधिक भाषांत त्यांचीं भाषांतरें झालीं. ज्या ओडेन्स गांवांतून तो एकटा निघाला होता, त्या गांवानें १८६७ सालीं दिव्यांची रोषणाई करून त्याला सन्माननीय नागरिकत्व अर्पण केलें. ता. ४ ऑगस्ट १८७५ रोजीं तो परलोकवासी झाला. १९६७ पासून त्याचा जन्मदिवस आंतरराष्ट्रीय बालपुस्तकदिन म्हणून पाळला जातो.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकजण ह्या अंकासाठीं आयुष्यांत प्रथमच लिहीत असतील. त्यांनीं चुका अवश्य सुधाराव्या. अँडरसनलाही त्या सुधाराव्या लागल्या. पण जें आपण डोळ्यांनीं पाहिलें व कानांनीं ऐकलें, तें आपल्याच शब्दांत सांगण्याचें धैर्य त्यांनीं सोडूं नये. आणि पालकांस आमची एवढीच विनंती कीं, मूल रंगांत येऊन गोष्ट सांगत असतां त्याला मध्येंच थांबवून तात्पर्य विचारूं नये. जोडे शिवून दमलेल्या एका बापानें आपल्या मुलाला गोष्टी वाचून दाखविण्यास वेळ काढला होता. तो वेळ वायां गेला नाहीं.