नाशिकमध्ये जन्मलेले पं. डी. व्ही. पलुसकर कोण होते? आयुष्य अवघं ३४ वर्षांचं, आवाज आजही मोबाइलवर

पं. दत्तात्रेय विष्णू पलुसकर यांचा जन्म २८ मे १९२१ रोजी नाशिकमध्ये झाला. दहाव्या वर्षी वडील पं. विष्णु दिगंबर गेले. पुढे विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास यांनी त्यांना घडवलं. चौदाव्या वर्षी ते जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात गायले.

त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. मैफलीत तासभर फुलणारा राग ते तेवढ्यात मांडत. ‘बैजू बावरा’मधील (१९५२) अमीर खाँ यांच्यासोबतची जुगलबंदी घरोघरी पोहोचली.

ऑक्टोबर १९५५ मध्ये मेंदूज्वराने त्यांचं निधन झालं. त्यांना समोर बसून ऐकलेले आता विरळच. उरली ती ध्वनिमुद्रणं. सुरुवात ‘ठुमक चलत रामचंद्र’ या भजनापासून करा, मग आकाशवाणीवरचं गायन निवांत ऐका.