नट, वैमानिक आणि खेळण्यातले विमान

मकरसंक्रांतीच्या दिवशी बडोद्याच्या गच्च्यांवर जे चालते, त्याला नुसते पतंग उडविणे म्हणणे हा त्या खेळाचा अपमान होईल. ते युद्धच असते. माझे बालपण गोव्यात गेले. तेथे पतंगाचे एवढे वेड मी कधी पाहिले नव्हते. त्यामुळे अध्यापनासाठी इकडे आल्यावर पहिल्याच संक्रांतीला मी थक्क झाले. या वर्षी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी नववीतल्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, की अशी काटाकाटी विमानांची करता येते काय. येते. बिनतारी नियंत्रणाने उडणाऱ्या लहान विमानांच्या शेपटीला कागदाची लांब फीत बांधतात. खेळाडू जमिनीवर उभे राहून, हातातल्या पेटीवरील दांड्या हलवीत, आपल्या विमानाच्या पंख्याने दुसऱ्याची फीत कापू पाहतात. येथे मांजा नाही, फिरकी नाही. विमानाला हाताशी जोडणारी जी गोष्ट असते ती डोळ्यांना दिसतच नाही.

त्या विद्यार्थ्याचे समाधान करावे म्हणून मी थोडे वाचन केले. मी कलाशाखेची पदवीधर. विद्युल्लहरींचे गणित माझ्या आवाक्यातले नव्हे. परंतु वाचता वाचता एक चरित्र हाती लागले आणि मी त्यात गुंतून गेले. तारेवाचून यंत्र चालविण्याचे श्रेय एकट्या कोणाला देता येत नाही. निकोला टेस्ला याने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये लहानशी नौका तशी चालवून दाखविली होती, आणि पहिल्या महायुद्धात आर्चिबाल्ड लो या इंग्रज संशोधकाने वैमानिकाविना उडणाऱ्या विमानाचे प्रयोग केले होते. पण मुलांच्या खेळण्यातले विमान घेऊन ज्याने त्याचे हजारोंनी उडणारे यंत्र केले, तो ना शास्त्रज्ञ होता ना अभियंता. तो नट होता. त्याचे नाव रेजिनाल्ड डेनी.

डेनीचा जन्म २० नोव्हेंबर १८९१ रोजी लंडनजवळील रिचमंड येथे झाला. घराण्याचे मूळ आडनाव डगमोर. डेनी हे वडिलांनी रंगभूमीसाठी धारण केलेले नाव. वडील संगीतिकांतून कामे करणारे गायक नट होते, त्यामुळे मुलगाही लहान वयातच रंगमंचावर आला. शाळेत तो फारसा रमला नाही आणि सोळाव्या वर्षी त्याने ती सोडली. (ही गोष्ट मी अनुकरणासाठी सांगत नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानी येईलच!) आवाज चांगला होता, देह कसलेला होता, मुष्टियुद्धाचा नाद होता. १९११ मध्ये तो एका संगीतिकेबरोबर अमेरिकेला गेला आणि पुढे बँडमन ऑपेरा कंपनीत गायक नट म्हणून दाखल झाला.

या कंपनीचा आपल्या देशाशी निकटचा संबंध होता. तिचा चालक मॉरिस बँडमन याने जहांगीर फ्रामजी कराका यांच्या साहाय्याने मुंबईचे रॉयल ऑपेरा हाउस उभारले; १९११ साली बादशहा पंचम जॉर्ज याच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. बँडमनची नाटके कलकत्त्यापासून अतिपूर्वेकडील शहरांपर्यंत फिरत. याच भटकंतीत, जानेवारी १९१३ मध्ये, डेनीने कंपनीतल्याच आयरीन हेसमन या नटीशी कलकत्त्यात विवाह केला.

मग महायुद्ध आले. १९१७ मध्ये डेनी इंग्लंडच्या रॉयल फ्लाइंग कोअर या हवाई दलात भरती झाला. तेथे त्याने निरीक्षक आणि मशीनगन चालविणारा म्हणून काम केले. त्या काळच्या उघड्या विमानात वैमानिकाच्या मागे हा माणूस बसे. आपले विमान हलते आहे, शत्रूचेही हलते आहे, अंगावर बोचरा वारा आहे, आणि नेम धरायचा आहे! शत्रू जेथे दिसतो तेथे गोळी झाडून उपयोग नसतो, कारण ती पोचेपर्यंत तो पुढे निघून गेलेला असतो. तो जेथे असणार आहे तेथे ती झाडावी लागते. हा अंदाज पुस्तक वाचून येत नाही. उडत्या लक्ष्यावर पुनःपुन्हा नेम धरल्यानेच तो येतो. डेनीच्या पुढल्या उद्योगाचे बीज या मागच्या बैठकीत पडले असावे, असे मला वाटते.

युद्धानंतर तो अमेरिकेत स्थायिक झाला. चित्रपट तेव्हा मुके होते. १९२२ पासून एका मुष्टियोद्ध्याच्या कथांवरील चित्रमालेत तो नायक झाला आणि पाहता पाहता युनिव्हर्सल कंपनीच्या विनोदी चित्रपटांचा लाडका नट बनला. हाती पैसा आला, त्याबरोबर विमानाचे वेडही परत आले. महायुद्धातले सॉपविथ स्नाइप जातीचे एक विमान त्याने विकत घेतले. ते आज कॅनडात ओटावाच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. विमानातून जिवावरच्या कसरती करणाऱ्या ‘तेरा काळी मांजरे’ नावाच्या मंडळींतही त्याची ऊठबस होती. पुढे बोलपट आले आणि एक अडचण उभी राहिली. मूकपटांत जो नायक अस्सल अमेरिकन तरुण म्हणून शोभत होता, त्याच्या तोंडून आता शुद्ध इंग्रजी धाटणीचे उच्चार बाहेर पडू लागले. नायकाच्या भूमिका हळूहळू कमी झाल्या. मित्र, सरदार, कारभारी अशी दुय्यम पात्रे वाट्याला येऊ लागली.

याच उतरत्या काळात त्याच्या शेजारच्या मुलाची गोष्ट घडली, असे सांगतात. तो मुलगा लहानसे इंजिन लावलेले विमान उडविण्याची खटपट करीत होता. आपण जातिवंत वैमानिक, या पोराला काय येते, अशा ऐटीत डेनी त्याच्या मदतीस धावला, पंख थोडे वळविले, आणि विमान आपटून मोडले. नवे करून देतो असे त्याने कबूल केले खरे. पण ते करू लागल्यावर त्याला कळून चुकले, की मोठे विमान उडविता येते म्हणून लहान विमान उडविता येतेच असे नाही. या नामुष्कीतून त्याचा छंद सुरू झाला. १९३४ मध्ये काही भागीदारांसह त्याने व्यवसाय काढला आणि १९३५ मध्ये हॉलिवूड बुलेव्हार या प्रसिद्ध रस्त्यावर खेळण्यातल्या विमानांचे दुकान थाटले. ‘डेनीप्लेन’ हे विमान आणि ‘डेनीमाइट’ हे चिमुकले पेट्रोल इंजिन तेथे मिळे. इंजिनाची रचना वॉल्टर रायटर या कुशल माणसाची होती.

हा सगळा खेळच. परंतु डेनीच्या डोक्यात तोफखाना होता. विमानविरोधी तोफा चालविणाऱ्यांना सराव देण्याची तेव्हाची रीत अशी, की एक वैमानिक आपल्या विमानामागे लांब दोरीने कापडी पिशवी ओढत नेई आणि खालून तिच्यावर मारा करीत. पिशवी संथपणे, सरळ रेषेत जाई. शत्रूचे विमान काही तसे जात नाही. शिवाय एखाद्या नवशिक्याचा नेम चुकून पिशवीऐवजी वैमानिकच टिपला गेला तर? दुकानातले विमान मोठे करून, बिनतारी संदेशांनी वळवीत गोलंदाजांच्या डोक्यावरून नेले, तर माणूस न गमावता खरा सराव होईल, असे डेनीने ताडले. (गोलंदाज म्हणजे तोफ डागणारा, हा या शब्दाचा जुना अर्थ, चेंडू टाकणारा हा अर्थ क्रिकेटने मागाहून दिला.)

१९३५ मध्ये त्याने पहिले विमान अमेरिकन सैन्याच्या अधिकाऱ्यांना दाखविले. त्यांचे समाधान झाले नाही. डेनीने पुन्हा आरंभ केला. केनेथ केस हा जाणकार बिनतारी यंत्रणेचे काम पाही. १९३८ मध्ये दुसरा नमुना तयार झाला, १९३९ मध्ये तिसरा आणि चौथा. अखेर १९४० साली सैन्याने मागणी नोंदविली. मधली पाच वर्षे तो चित्रपटांत कामे करीतच होता. त्यांतली एक भूमिका मोठी मौजेची आहे. १९३६ च्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ या चित्रपटात तो बेन्व्होलिओ झाला होता. शेक्सपिअरचे हे नाटक ज्यांनी वाचले असेल त्यांना ठाऊक आहे, की रस्त्यात तलवारी उपसणाऱ्या दोन घराण्यांच्या मध्ये पडून मारामारी थांबवू पाहणारा भला माणूस तो हाच.

सैन्याने स्वीकारलेले विमान कसे होते? पंखांची लांबी सुमारे पावणेचार मीटर, शेपटीपर्यंत लांबी अडीच मीटरहून थोडी अधिक, वजन सुमारे ४७ किलो. सहा अश्वशक्तीचे इंजिन, त्यावर एकाच आसावर उलटसुलट दिशांनी फिरणारे दोन पंखे, वेग ताशी १३५ किलोमीटरच्या आसपास. गलोलीतून दगड सुटावा तसे ते एका यंत्रातून आकाशात फेकीत, आणि काम संपल्यावर हवाई छत्री उघडून खाली आणीत. जमिनीवरचा चालक एका पेटीवरील लहान दांडा हलवी. त्यानुसार शेपटीवरची सुकाणूफळी उजवी-डावीकडे आणि आडवी फळी वर-खाली होई. ऐकायला सोपे वाटते, पण एक खोच आहे. विमान आपल्यापासून दूर जात असता त्याचे उजवे ते आपले उजवे; तेच आपल्याकडे परतू लागले की त्याचे उजवे आपल्या डाव्या हाताला येते. नवशिक्याची विमाने बहुधा याच क्षणी जमिनीवर येतात, आजही. उपाय एकच: आपण विमानात बसलो आहोत अशी कल्पना मनाशी पक्की धरायची. डेनीसारख्या नटाला हे परकायाप्रवेशाचे तंत्र जड गेले नसावे!

लॉस एंजेलिसजवळ व्हॅन नाइस येथे ‘रेडिओप्लेन’ कंपनीचा कारखाना उभा राहिला आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे पंधरा हजार विमाने तेथून सैन्याकडे गेली. यांतले प्रत्येक विमान गोळ्या खाण्यासाठीच जन्मलेले. जे चाळणी होऊन छत्रीने खाली येई, त्याला ठिगळे लावून पुन्हा वर पाठवीत. अशा विमानांना ‘ड्रोन’ म्हणण्याची रूढी तेव्हाच पडली. ड्रोन म्हणजे नर मधमाशी. १९३५ मध्ये इंग्रजांनी केलेल्या अशाच एका विमानाचे नाव ‘क्वीन बी’, म्हणजे राणीमाशी, होते, त्यावरून हे नाव आले असे म्हणतात. अमेरिकन आरमाराने डेनीच्या विमानाला ‘टीडीडी’ अशी संज्ञा दिली. शेवटचे अक्षर डेनीचे. कित्येकांची नावे पुतळ्यांखाली कोरली जातात. याचे नाव नेम धरून पाडायच्या वस्तूला मिळाले.

कारखान्यात स्त्रिया मोठ्या संख्येने काम करीत. युद्धाच्या अखेरच्या काळात सैन्याचा एक छायाचित्रकार तेथे आला आणि त्याने पंखा हातात धरलेल्या एका तरुण कामगार मुलीची छायाचित्रे घेतली. तिचे नाव नॉर्मा जीन. पुढे सारे जग तिला मेरिलिन मन्रो या नावाने ओळखू लागले. डेनीच्या विमानांविषयी ज्यांना काही ठाऊक असते, त्यांना बहुधा एवढेच ठाऊक असते, आणि मला हा त्या विमानांवर अन्याय वाटतो.

१९५२ मध्ये ‘रेडिओप्लेन’ ही कंपनी नॉर्थ्रॉप या मोठ्या विमान कंपनीने विकत घेतली. १९५५ मध्ये तिच्याच एका विमानाने कॅमेरा घेऊन उड्डाण केले. म्हणजे आजवर जे केवळ लक्ष्य होते ते आता स्वतः पाहू लागले. एकविसाव्या शतकात बिनवैमानिकांची विमाने क्षेपणास्त्रेही वाहू लागली. ज्या यंत्राने माणसाऐवजी स्वतः गोळ्या झेलल्या, त्याच कुळातली यंत्रे आता माणसांवर गोळ्या झाडतात. मी हे वर्गात सांगितले तेव्हा दोन तट पडले. एक म्हणाला, डेनीने अनेक वैमानिकांचे प्राण वाचविले. दुसरा म्हणाला, दार तर त्यानेच उघडले. तास संपल्याची घंटा झाली तरी वाद मिटला नाही, आणि माझे स्वतःचे मतही रोज या तटातून त्या तटात जाते.

डेनी अखेरपर्यंत नटच राहिला. १९५६ च्या ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ मध्ये तो दिसतो, आणि १९६६ मधील ‘बॅटमॅन’ हा त्याचा शेवटचा चित्रपट. पुढल्याच वर्षी तो इंग्लंडला गेला असता, १६ जून १९६७ रोजी, जेथे जन्मला त्याच रिचमंडमध्ये वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याच्या कारखान्यात तयार झालेले एक विमान अमेरिकेत ओहायो राज्यातील डेटन येथे हवाई दलाच्या संग्रहालयात ठेवलेले आहे.