टी. एस. एलियट आणि तथागतांचे अग्निप्रवचन

आपली मुले-मुली आता महाविद्यालयात जातात. इंग्रजी साहित्य घेऊन शिकणाऱ्यांची गाठ टी. एस. एलियट ह्या कवीच्या 'दि वेस्ट लँड' ह्या कवितेशी पडतेच. तिच्या तिसऱ्या भागाचे नाव 'अग्निप्रवचन' असे आहे. हे प्रवचन आपल्या तथागतांचे आहे, ही गोष्ट बौद्ध घरात ठाऊक असावी, म्हणून ह्या कवीचे चरित्र येथे थोडक्यात देत आहोत.

थॉमस स्टर्न्स एलियट ह्यांचा जन्म २६ सप्टेंबर १८८८ रोजी अमेरिकेतील सेंट लुई शहरी झाला. आजोबा युनिटेरियन ह्या ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक होते. वडील विटांच्या धंद्यात होते, आई कविता लिहीत असे. लहानपणी त्यांच्या हाती एडविन अर्नोल्ड ह्यांचे 'दि लाइट ऑफ एशिया' हे बुद्धचरित्रपर काव्य पडले व ते त्यांनी आवडीने वाचून काढले. इकडे १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमरावांना गुरुवर्य केळूसकरांनी बुद्धचरित्र भेट दिले, हे आपण जाणतोच. दोन देशांतील दोन मुलांच्या हाती तथागतांचे चरित्र आले. पुढे दोघांच्या वाटा कुठे गेल्या, ते पाहण्यासारखे आहे.

१९०६ साली एलियट हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाले. १९११ पासून दोन वर्षे त्यांनी प्रा. चार्ल्स लॅनमन ह्यांच्यापाशी संस्कृत व पाली ह्या भाषांचा अभ्यास केला. नंतर जपानी पंडित मासाहारू आनेसाकी ह्यांची बौद्ध विचारावरील व्याख्याने ऐकली. लॅनमन ह्यांचे सहकारी हेन्री क्लार्क वॉरन हे लहानपणच्या अपघातामुळे पाठीने अधू झालेले गृहस्थ. त्यांनी पाली ग्रंथांतील निवडक भागांचे इंग्रजी भाषांतर १८९६ साली प्रसिद्ध केले होते. त्या ग्रंथाचा एलियट ह्यांना फार उपयोग झाला. अमेरिकेत ज्याला वाटेल त्याने संस्कृत शिकावे. भीमरावांना मात्र आपल्याच देशातील शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, पर्शियन घ्यावी लागली!

१९१४ साली महायुद्ध पेटले आणि एलियट इंग्लंडात स्थायिक झाले. १९१५ साली व्हिव्हियन हेग-वुड ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला, पण संसार सुखाचा झाला नाही. १९१७ पासून ते लंडनच्या लॉइड्स बँकेत नोकरी करू लागले. युद्धाने युरोपातील लाखो तरुण गिळले होते, घरी पत्नीचे आजारपण होते. १९२१ साली एलियट मनाने खचले व रजा घेऊन स्वित्झर्लंडमध्ये उपचारासाठी राहिले. त्याच काळात ही कविता पुरी झाली. ती १९२२ साली प्रसिद्ध झाली.

'वेस्ट लँड' म्हणजे उजाड भूमी. राजा आजारी पडतो आणि त्याची भूमी करपते, अशी एक जुनी युरोपीय कथा तिच्या मुळाशी आहे. ग्रीक पुराणातला आंधळा द्रष्टा तीत येतो, शेवटच्या भागात उपनिषदातली कथाही येते. तिसऱ्या भागात मात्र लंडनच्या नदीकाठचे, प्रेमावाचून चाललेल्या वासनेचे जीवन दिसते, आणि त्याच्या अखेरीस भगवान बुद्ध व ख्रिस्ती संत ऑगस्टीन शेजारी शेजारी येतात. ही जोडणी आपण हेतुपूर्वक केली, आणि बुद्धांच्या ह्या प्रवचनाचे मोल येशूच्या पर्वतावरील प्रवचनाइतके आहे, असे एलियट ह्यांनी कवितेच्या टीपांत नमूद केले.

ते प्रवचन कोणते? उरुवेला, नदी व गया येथील तिघे काश्यप बंधू हे अग्निपूजक जटाधारी होते. ते शिष्यांसह तथागतांना शरण आले. अशा एक हजार भिक्खूंना तथागतांनी गयाशीर्षावर 'आदित्तपरियाय सुत्त' सांगितले. डोळे, कान, नाक, जीभ, काया व मन ही सर्व राग, द्वेष आणि मोह ह्यांच्या आगीने पेटलेली आहेत, हे जो ओळखतो तो विरक्त होऊन मुक्त होतो, असा त्याचा आशय आहे. जन्मभर बाहेरच्या अग्नीत आहुती टाकणाऱ्यांना तथागतांनी आतली आग दाखविली. विझवायची ती हीच.

ही कविता लिहिताना एलियट बौद्ध होण्याचा गंभीरपणे विचार करीत होते, असे कवी स्टीफन स्पेंडर ह्यांनी नमूद केले आहे. पण तसे झाले नाही. २९ जून १९२७ रोजी त्यांनी इंग्लंडच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. १९३३ साली अमेरिकेत दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी ह्याचा उलगडा केला. भारतीय विचाराच्या गाभ्यात शिरायचे तर अमेरिकन वा युरोपीय म्हणून विचार करण्याची सवय विसरावी लागेल, आणि तसे विसरण्याची आपली इच्छा नव्हती, असा त्यांच्या सांगण्याचा भावार्थ आहे. त्याच व्याख्यानांत, एकजिनसी समाजात मुक्त विचाराचे ज्यू फार संख्येने असणे इष्ट नाही, असेही ते बोलून गेले. ते पुस्तक त्यांनी पुन्हा छापू दिले नाही. पण डाग राहिला. द्वेषाच्या आगीवरचे प्रवचन मूळ भाषेच्या अभ्यासासह जाणणारा हा विद्वान! १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ४ जानेवारी १९६५ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

एलियट ह्यांना कमी लेखण्यासाठी हे लिहिलेले नाही. त्यांच्यामुळे जगभरच्या वाचकांना अग्निप्रवचनाचे नाव कळले, हे त्यांचे ऋण आहे. परंतु जाणणे वेगळे आणि स्वीकारणे वेगळे. जे विसरण्यास ते तयार नव्हते, तसेच विसरणे आपल्या वाट्याला आले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा म्हणजे जुनी सवय टाकून देण्याचा निर्धार होय. आपल्या आजी-आजोबांपैकी कितीकांना अक्षर येत नव्हते, पाली तर दूरच. तरी घरातले देव्हारे त्यांनी स्वतःच्या हातांनी उतरविले.

म्हणून वर्गात ही कविता निघेल तेव्हा आपल्या मुलीने निःसंकोच सांगावे की हे सुत्त आमच्या घरचे आहे. आणि ते घरचे राहावे म्हणून येत्या पौर्णिमेला कुटुंबासह ते वाचावे, त्यावर बोलावे. आपल्या घरात राग, द्वेष, मोह ह्यांपैकी कोणती आग अजून धुमसते आहे, हेही त्या वेळी विचारावे.

भवतु सब्ब मंगलं!