खासगीपणा नेमका कोणाचा?

लेखकाचे पुस्तक वाचावे, त्याच्या संसारात डोकावू नये, असे पुष्कळ विद्वान बजावत असतात. हा उपदेश ऐकला की आम्हाला इंग्रजी कादंबरीकार चार्ल्स डिकन्स आठवतो.

डिकन्सचा जन्म १८१२ सालचा. १८२४ साली कर्जापायी बाप लंडनच्या मार्शलसी तुरुंगात गेला आणि बारा वर्षांचे हे पोर बूट-पॉलिशच्या कारखान्यात बरण्यांना लेबले चिकटवू लागले. पुढे अफाट कीर्ती मिळाली, पण ही गोष्ट त्याने स्वतःच्या मुलांपासूनही लपवली. त्याच्या मृत्यूनंतर जॉन फॉर्स्टर या मित्राने चरित्रात ती उघड केली. त्यामुळे डिकन्स लहान झाला नाही. उलट, डेव्हिड कॉपरफिल्डचे दुःख कुठून आले, हे वाचकांना उमगले.

दुसरी गोष्ट मात्र वेगळी आहे. १८३६ साली त्याने कॅथरीन हॉगार्थशी लग्न केले. तिने दहा मुलांना जन्म दिला. १८५७ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी, तो एलेन टर्नन या अठरा वर्षांच्या नटीत गुंतला. पुढच्याच वर्षी कॅथरीनला घर सोडावे लागले. थोरला मुलगा तिच्याबरोबर गेला, बाकीची मुले बापाकडे राहिली. डिकन्सने आपल्याच साप्ताहिकात निवेदन छापून स्वतःची बाजू जगापुढे मांडली. त्याच्या एका पत्रात तर बायकोच्या मनाच्या आजाराकडे बोट दाखवले होते, आणि तेही वर्तमानपत्रांत छापून आले. १८६० साली मात्र त्याने आपल्याकडची वर्षानुवर्षांची पत्रे अंगणात जाळून टाकली.

म्हणजे बायकोची अब्रू चव्हाट्यावर आणि स्वतःचे गुपित राखेत! कॅथरीनकडे ना साप्ताहिक होते, ना छापखाना. १८७० साली डिकन्स गेला. १८७९ साली मृत्युशय्येवर तिने नवऱ्याची जुनी पत्रे मुलगी केटच्या हाती दिली आणि ती ब्रिटिश म्युझियमला द्यायला सांगितली. नवऱ्याचे आपल्यावर एकेकाळी प्रेम होते, एवढे तरी जगाला कळावे, ही तिची इच्छा.

ही पत्रे वाचणे म्हणजे डोकावणे काय? आम्हाला तसे वाटत नाही. चवीपुरती कुचाळकी आम्हालाही नको. पण खासगीपणाच्या नावाखाली ज्याच्या हाती लेखणी त्याचेच खरे धरायचे असेल, तर घरातल्या मुक्या माणसाला न्याय कधी मिळायचा? वाचकांनी थोरांच्या घराविषयी जरूर विचारावे. मात्र तिथे कोणाचे तोंड बंद केले गेले, हे आधी विचारावे.