हिंगणघाटी विसावलेले कर्नल लँबटन

नागपूरहून हैदराबादेकडे जाताना हिंगणघाट लागते. आपल्या मंडळातील पुष्कळ भगिनींचे तिकडे येणे-जाणे असेल. पण हिंदुस्थानच्या बिनचूक नकाशाचा पाया ज्यांनी घातला, त्या कर्नल विल्यम लँबटन ह्यांचे थडगे त्या गावी आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

यॉर्कशायरमधील साध्या शेतकरी घरातला हा मुलगा पलटणीत शिरून अमेरिकेस गेला. तिकडे असताना सूर्यग्रहण पाहण्याच्या नादात एका डोळ्याची दृष्टी गेली, असे सांगतात. १७९६ साली ते हिंदुस्थानात आले तेव्हा चाळिशी उलटली होती.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ मोजणी सुरू झाली. सपाट जागी सुमारे साडेसात मैलांची एकच रेघ शंभर फुटी पोलादी साखळीने मोजली. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीचे कोन घेतले, की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने निघतात. त्यांतल्या एकीवर पुढचा त्रिकोण रचावयाचा. मग दऱ्याखोऱ्यांतून नि अरण्यांतून साखळी ओढावी लागत नाही. ह्या हिशेबाने मद्रास-मंगळूर अंतर जुन्या नकाशापेक्षा तब्बल ४० मैलांनी कमी भरले!

कोन मापण्याचे थिओडोलाईट यंत्र अर्ध्या टनाचे. विलायतेहून येताना ते फ्रेंचांच्या हाती सापडले, पण त्यांनी सौजन्याने मद्रासला पोचते केले. १८०८ साली तंजावरच्या मोठ्या देवळावर चढविताना दोर तुटला आणि यंत्राची चकती वाकली. दुसरा कोणी हात टेकून बसला असता. लँबटन कारागिरांसह तंबूत शिरले आणि सहा आठवडे खपून त्यांनी ती पूर्ववत केली.

ह्या मोजणीवाल्यांच्या दुर्बिणीतून वाड्यातल्या बायका दिसतात, अशी शंका लोक घेत. गंमत वाटते खरी, पण डोंगरमाथ्यावर परका शिपाई दुर्बीण रोखून बसलेला पाहून कोणाला धास्ती वाटणार नाही? लँबटन ह्यांना ह्याच देशातील स्त्रियांपासून मुले झाली. त्या बायांना मात्र चरित्रांतून ओळभरच जागा मिळते.

१८१८ साली जॉर्ज एव्हरेस्ट हाताखाली आले. पुढच्याच वर्षी कृष्णा-गोदावरीमधील जंगलात त्यांची तुकडी हिवतापाने अंथरुणाला खिळली, कित्येक माणसे दगावली. नकाशावरील त्या बारीक रेघांची ही किंमत. आपण मुलांना नकाशा भरावयास देतो तेव्हा तिची आठवण कोणास असते?

पुढे मुक्काम नागपुरास हलविण्याचे ठरले. सत्तरीला टेकलेले, खोकल्याने जर्जर झालेले लँबटन हैदराबादेहून निघाले. पण वाटेत हिंगणघाटी २० जानेवारी १८२३ रोजी त्यांचा अंत झाला. काम एव्हरेस्ट ह्यांनी हाती घेतले आणि त्रिकोणांची ती माळ १८४१ पर्यंत हिमालयाच्या पायथ्याशी नेऊन पोचविली.