जॉर्ज वॉशिंग्टन : देश जिंकला, पण कवळी काही बसली नाही

अमेरिकेच्या एक डॉलरच्या नोटेवर जॉर्ज वॉशिंग्टन यांचा चेहरा आहे. नीट बघा, ओठ घट्ट मिटलेले आणि तोंडाजवळचा भाग फुगलेला दिसेल. ज्या चित्रावरून तो घेतला, ते गिल्बर्ट स्टुअर्ट यांनी १७९६ मध्ये काढलं. तो फुगवटा कवळीचा होता.

वॉशिंग्टन यांचा जन्म १७३२ मध्ये व्हर्जिनियात झाला. वयाच्या चोविसाव्या वर्षी त्यांचा पहिला दात काढावा लागला. ब्रश आणि दंतमंजन ते नियमित वापरायचे, तरी एकेक दात जातच राहिला. इंग्रजांशी युद्ध चालू असताना १७८१ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या दंतवैद्याकडे दात साफ करायची हत्यारं मागवली. ते पत्र इंग्रजांच्या हाती लागलं. म्हणजे सेनापतीची दातांची तकलीफ दुश्मनालाही कळली!

३० एप्रिल १७८९ रोजी ते पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. वय ५७ आणि तोंडात स्वतःचा दात एकच. न्यूयॉर्कचे दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांनी त्यांना पाणघोड्याच्या दातातून कोरलेली कवळी करून दिली. उरलेल्या एका दातासाठी तिला भोक ठेवलं होतं. लाकडाच्या दातांची गोष्ट ही निव्वळ दंतकथा. त्यांच्या वेगवेगळ्या कवळ्यांत शिसं, हस्तिदंत, जनावरांचे आणि माणसांचेही दात होते. त्यांच्या घरच्या हिशेबात १७८४ ची एक नोंद आहे : गुलामांकडून ९ दात घेतले, १२२ शिलिंग दिले. एकाच्या तोंडाची सोय व्हावी म्हणून दुसऱ्याच्या तोंडातला दात जात होता, हेही विसरून चालणार नाही.

एवढा खर्च करूनही आराम नव्हता. वरची आणि खालची कवळी स्प्रिंगने जोडलेली असे. स्प्रिंग तोंड उघडायला बघायची, म्हणून जबडा सतत आवळून धरावा लागे. १७९६ मध्ये शेवटचा दातही गेला. त्यानंतर कवळ्या दुरुस्तीसाठी ग्रीनवुड यांच्याकडे जात-येत राहिल्या. ओठ पुढे ढकलले जातात, ही त्यांची तक्रार १७९८ पर्यंत, म्हणजे मृत्यूच्या एक वर्ष आधीपर्यंत चालूच होती. १४ डिसेंबर १७९९ रोजी ते वारले.

यात कारागिराचा हुन्नर कमी पडला, असं म्हणता येणार नाही. खरी अडचण वेगळी आहे. दात गेला की त्याच्या मुळाला धरणारं हाड हळूहळू झिजतं आणि हिरडी खाली बसते. ही झीज थांबत नाही. कवळी मात्र जशीच्या तशी राहते. मध्ये पोकळी पडते, मग कवळी हलते, टोचते, जखम करते. हिरडीचं माप घेऊन रबरात घडवलेली कवळी आली एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. वॉशिंग्टन यांच्या नशिबी ती नव्हती.

आज यावर साधा इलाज आहे, त्याला रिलायनिंग म्हणतात. डॉक्टर जुन्या कवळीच्या आतल्या बाजूने हिरडीचं ताजं माप घेतात आणि पोकळीपुरता नवा थर चढवतात. दात तेच, कवळी तीच, फक्त बैठक नवी. हिरडी फार नाजूक असेल तर मऊ थरही देतात. कवळी फुटली असेल किंवा दातच झिजले असतील, तर मात्र नवीन करावी लागते.

आपल्या घरातही दादी, नाना कवळी वाटीत काढून ठेवतात आणि रोटी सालनात भिजवून खातात. आपण म्हणतो, उमर झाली. पण कधीकधी उमर नाही, कवळी सैल झालेली असते. घरी पॉलिश पेपरने घासू नका, चिकटवायच्या पावडरीवर वर्षानुवर्षं काढू नका. एकदा दंतवैद्याला दाखवा. राष्ट्राध्यक्षाला जे मिळालं नाही, ते आज आपल्या दादीला मिळू शकतं.