हायरम पर्सी मॅक्झिम
हायरम पर्सी मॅक्झिम (२ सप्टेंबर १८६९ – १७ फेब्रुवारी १९३६) हे अमेरिकन अभियंता व संशोधक होते. बंदुकीचा आवाज दबवणाऱ्या 'मॅक्झिम सायलेन्सर'चे ते जनक. मशीनगनचे निर्माते सर हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम हे त्यांचे वडील; बंदुकांच्या सततच्या आवाजाने त्यांना उतारवयात बहिरेपण आले होते.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १८८६ मध्ये पदवी घेऊन पर्सी पुढे हार्टफर्ड येथे मोटारगाड्यांच्या बांधणीत रमले. सायलेन्सरचे एकस्व त्यांना १९०९ मध्ये मिळाले. गोळीमागून सुटणारा तप्त वायू नळीच्या टोकावरील नळकांड्यात घोळवून सावकाश बाहेर सोडणे, हे त्याचे तत्त्व. ध्वनीहून वेगवान गोळीचा कडकडाट मात्र त्याने थांबत नाही. हरणांच्या शिकारीची रायफल त्यामुळे पूर्णपणे मूक होत नाही. 'सायलेन्सर' हे नाव त्या अर्थाने फसवेच आहे. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याकडेही असा सायलेन्सर बसवलेली विंचेस्टर रायफल होती.

१९३४ च्या राष्ट्रीय बंदूक कायद्याने सायलेन्सर आणि आखूड नळीच्या रायफली यांवर प्रत्येकी २०० डॉलर हस्तांतरण कर बसवला. ही रक्कम सायलेन्सरच्या किमतीच्या कित्येक पट होती. मशीनगनही त्याच कायद्यात आल्याने पितापुत्रांचे शोध एका पंक्तीत बसले.

हौशी रेडिओच्या क्षेत्रात त्यांचे कार्य याहून मोठे मानले जाते. १९१४ मध्ये त्यांनी क्लॅरेन्स टस्का यांच्यासह 'अमेरिकन रेडिओ रिले लीग' स्थापन केली. त्यांचा डब्ल्यू१एडब्ल्यू हा संकेत संस्थेचे केंद्र आजही वापरते.